पट १७, हातात ११: शाळा टिकवायच्या कामाच्या नोंदी

गाव बीड जिल्ह्यातलं, बालाघाटाच्या डोंगरातलं, दीडशे उंबऱ्याचं. जिल्हा परिषदेची शाळा पहिली ते चौथी, दोन खोल्या, एक सर, एक मॅडम. मी शाळा व्यवस्थापन समितीचा अध्यक्ष, पण गावात मला गिरणीवाला म्हणूनच ओळखतात. दळणाची गिरणी आणि तीन एकर सोयाबीन-कपाशी. वहीत लिहीत होतो तेच इथं टाकतोय, नावं काढून. ज्यांच्या गावात पट (शाळेत नाव असलेल्या लेकरांचा आकडा) घसरलाय आणि काहीतरी करायची खाज आहे त्यांनी वाचा, निदान आमचे पैसे जिथं बुडाले तिथं तुमचे बुडू नयेत.

५ एप्रिल २०२५

केंद्रप्रमुख (आसपासच्या शाळांवरचे अधिकारी) येऊन गेले. पट १७. त्यातली चौथीची ६ लेकरं जूनमध्ये शेजारच्या गावच्या हायस्कूलला जाणार, म्हणजे हातात राहिली ११.

२०२३ च्या सप्टेंबरमध्ये २० किंवा त्याहून कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करायचं पत्र निघालं तेव्हापासून आमच्याकडं वीस या आकड्याची धास्ती आहे. मग १५ मार्च २०२४ चा संचमान्यतेचा (पटावरून शाळेला किती शिक्षक ते ठरवायचा) जीआर आला, मधे कंत्राटी शिक्षकांचं निघालं, बदललं. शिक्षण हक्क कायदा तर म्हणतो ६० लेकरांपर्यंत दोन शिक्षक पाहिजेत. काय टिकेल काय नाही ते आपल्या हातात नाही, पण एक गोष्ट बदलत नाही, पट धरतात तो ३० सप्टेंबरचा. सरांनी फळ्यावर खडूनं लिहिलं: ३० सप्टेंबर, २१. ते अजून पुसलेलं नाही.

आमची जवळची मोठी शाळा साडेतीन किलोमीटरवर, मधे ओढा. पहिलीतलं लेकरू पावसाळ्यात तिथं कसं जाणार हे कागदावर दिसत नाही.

९ एप्रिल

अंगणवाडीताईंकडून दाखलपात्र लेकरांची यादी घेतली. १३ नावं. मी खुश, ११ आणि १३ चोवीस, झालं काम.

१२ एप्रिल

काम झालेलं नाही. १३ पैकी ४ लेकरं आई-बापासोबत चाकण-भोसरीकडं आहेत, नाव इथं, लेकरू तिथं. उरली ९. त्यातली ५ इंग्लिश शाळेच्या पिवळ्या गाडीत एलकेजी-युकेजीला जातात. खात्रीची ४ च.

मग गाडीतली लेकरं मोजली. सकाळी ८ ला मारुतीच्या पारापाशी उभा राहिलो, गिऱ्हाईक गिरणीवर वाट बघत. केजीची ८, पहिली ते चौथीची १४. एका टाटा मॅजिकमध्ये २२ लेकरं, दप्तरं टपावर. १४ पैकी १० पोरं. आणि आपल्या शाळेत राहिलेल्या ११ मध्ये ८ पोरी. हे मी पहिल्यांदाच मोजलं, रोज डोळ्यासमोर असून.

तुमच्याकडं करायचं असेल तर यादीवर विसंबू नका, गाडी मोजा.

१८ एप्रिल

समितीची मीटिंग. सगळ्यांचं एकच मत, शाळा दिसायला चांगली पाहिजे. बाहेरून रेल्वेचा डबा रंगवायचा, आत बाराखडी-पाढे. वर्गणी १८,५०० जमली. मॅडम म्हणाल्या, भिंतीला ओल आहे, आधी छताचं बघा. छत कोणाला दिसतं, असं मीच म्हणालो. लिहून ठेवतोय.

२९ एप्रिल

यंदा परीक्षा २५ तारखेपर्यंत चालल्या त्यामुळं पेंटरला शाळा उशिरा मिळाली. रेल्वे झाली. खिडक्यांतून माकड, सिंह वगैरे बघतायत. सोबत प्रवेशाचा बॅनर केला, ९०० रुपये. बॅनरवर गावातल्या एका गटाच्या पुढाऱ्याचा फोटो आला, दुसऱ्याचा राहिला. राहिला म्हणजे पेंटरच्या पोरानं मोबाईलमधून जो सापडला तो टाकला. रात्रीत बॅनर फाटला. त्या गटातल्या दोन घरांनी जाहीर केलं की आमची लेकरं काही झालं तरी गाडीतच जाणार. ९०० रुपयांत दोन घरं गमावली.

१ मे

ग्रामसभा. मी भाषण ठोकलं. आपली शाळा, आपण शिकलो ती शाळा, आता आपणच तिला लाथाडतो वगैरे. जरा जास्तच तावात बोललो. मागं बायका बसल्या होत्या, त्यातल्या एक काकू उठल्या आणि म्हणाल्या, "भाऊ, तुमची पोरगी सरकारीत अन् पोरगं गाडीत, आन् आमाला काय सांगता?"

सगळी सभा हसली. खरं आहे. मोठी मुलगी दुसरीत झेडपीला, म्हणून तर मी अध्यक्ष, तिथं पालकच लागतो. धाकटा युकेजीला गाडीत, १४,००० फी आणि महिन्याला ७०० गाडीचे. उत्तर नव्हतं, खाली बसलो.

३ मे

घरी दोन दिवस हाच विषय. बायकोचं म्हणणं, "तुमच्या अध्यक्षपदापायी लेकराचं वाटोळं करू नका." मी म्हटलं, मग मुलीचं काय चाललंय तिथं? ती गप्प बसली, मग म्हणाली, "मुलीचं मी घरी घेते की." बरोबरच होतं, मुलगी वाचते ती तिच्या आईमुळं. तिची एक अट, सेमी इंग्रजी असेल तरच. गणित इंग्रजीतून घ्यायला मॅडमची तयारी आहे, पण दोन शिक्षक, चार वर्ग, कागदं निराळीच. शेवटी धाकट्याला आणायचं ठरलं. पट १२ समजा.

१६ जून

शाळा उघडली. प्रवेशोत्सव, फुगे, गुलाबपाणी, पुस्तकं पहिल्याच दिवशी मिळाली. ११, खात्रीची ४, आमचा १. एकूण १६. रेल्वे बघून आलेलं एकही लेकरू नाही. गाडी ८ वाजता नेहमीसारखी भरून गेली आणि त्यातली लेकरं आमच्या रेल्वेकडं बघून हात करत होती.

दोघा-तिघांनी विचारलं, पहिलीपासून हिंदी करणार म्हणे? एप्रिलमध्ये एक जीआर, उद्या-परवा दुसरा येणार अशी चर्चा, सर काय सांगणार. (नंतरची भर: २९ जूनला दोन्ही जीआर रद्द झाले. त्या पंधरा दिवसांत एका घरानं "तुमचं सरकारीतलं काही नक्की नसतं" म्हणून विषय बंद केला.)

१९ जून

आजची नोंद सगळ्यात महत्त्वाची, म्हणून सविस्तर.

पाऊस होता, लाईट जात-येत होती, दळणाचे डबे घेऊन पाच-सहा बायका गिरणीत अडकलेल्या. मी काही बोललो नाही, ग्रामसभेत तोंड पोळलं होतं. त्याच बोलत होत्या. एकीचा नातू गाडीत जातो, ती म्हणाली इंग्लिश-बिंग्लिश काय कळतंय आपल्याला, पण गाडीवाला आठला उचलतो अन् संध्याकाळी आणून सोडतो. दुसरी म्हणाली, मला साडेआठला रानात जावं लागतं, मुकादम थांबतो का? खुरपणीची टोळी निघून जाते. झेडपी उघडते दहाला. दीड तास लेकरू कोणाच्या जिवावर सोडू, विहीर आहे, रस्ता आहे.

मी पीठ चाळायचं सोडून ऐकत राहिलो. एप्रिलपासून आम्ही सगळे इंग्रजी, इंग्रजी करत होतो. कोणी विचारलंच नव्हतं की तुम्ही सकाळी किती वाजता घर सोडता.

संध्याकाळी वही घेऊन बसलो. गाडीतल्या २२ लेकरांची १६ घरं, त्यातल्या ११ घरांतली आई मजुरीला जाते. ही घरं महिन्याला ७०० रुपये देतात ते निम्मे लेकरू सांभाळायचे देतात. उरलेल्या ५ घरांचं म्हणाल तर त्यांना इंग्रजीच पाहिजे, तिथं आपलं काही चालणार नाही, मी त्यांच्या दारात परत गेलो नाही. वेळ वाचला.

२१ जून

सरांना सांगितलं, शाळा ८ ला उघडू. सर म्हणाले, लहान वर्ग ९ च्या आधी भरवायचे नाहीत असं सरकारनंच सांगितलंय. आणि मी ८ ला आलो तरी बस ९ ला येते. दोन्ही खरं. मग ठरलं की वर्ग भरवायचाच नाही, फाटक उघडायचं आणि ओसरीवर कोणीतरी बसायचं. पुढचा प्रश्न, कोणाला लागलं-पडलं तर जबाबदार कोण? समितीचा ठराव लिहिला, पालकांच्या सह्या घेतल्या, बसणारं माणूस आणि मी जबाबदार. सर अजूनही फार खुश नाहीत, पण चावी दिली.

बसायला गावातलीच बारावी झालेली मुलगी. मानधन किती यावर तासभर. खिचडी शिजवणाऱ्या मावशींना सरकारकडून २,५०० मिळतात, तेही दहा महिन्यांचे, त्याहून जास्त हिला दिले तर मावशी चूल पेटवणार नाहीत. २,००० ठरले. वर्गणीचा डबा गिरणीत ठेवला, दळणाला आलेली बाई सुट्टे पैसे टाकते. असा पैसा जमतो, हळू जमतो.

३० जून

पहिल्या आठवड्यात ओसरीवर फक्त ४ लेकरं, त्यातली दोन माझीच. मुलगी कंटाळली. मी पण.

९ जुलै

आज ११. आषाढीनंतर खुरपणीला जोर आला आणि बायका स्वतःहून विचारत आल्या. गाडीतली केजीची ३ लेकरं पहिलीला आली. दाखला वगैरे लागला नाही, केजीचा कसला दाखला, जन्माचा पुरावा आणि आधार. पट १९.

एक आजी नातवाला सोडायला आली ती ओसरीवरच बसून राहिली, रोज बसते, भाजी निवडते. तिला कोणी मानधन देत नाही, पण तिच्यामुळं लेकरं फाटकाबाहेर जात नाहीत.

१४ जुलै

रेल्वेच्या दुसऱ्या डब्याचा रंग पोपडे धरून गळाला. सिंह गेला, माकड अर्धं आहे. मॅडम काही बोलल्या नाहीत, नुसत्या माझ्याकडं बघून चहा प्यायल्या.

१७ जुलै

लाईट. शाळेचं कनेक्शन १४ महिने तोडलेलं, थकबाकी ६,३४०. मागं कोणीतरी देणगीत टीव्ही दिलाय, त्यावर टेबलक्लॉथ घालून देवासारखा ठेवलाय. ३० पर्यंत पट असला की वर्षाचं शाळा अनुदान १०,००० आणि ते पण एकदम येत नाही, त्यातून बिल भरलं. खडू-फडक्याला काय उरलं ते विचारू नका. टीव्हीमुळं एकही लेकरू वाढलं नाही, पंख्यामुळं मात्र दुपारी लेकरं जागी राहतात.

२२ जुलै

आता खरी लाज वाटायची गोष्ट. पट वाढवायच्या नादात लेकरांना येतं काय हे मी कधी बघितलं नव्हतं. सरांनी असर (लेकरांना वाचता येतं का ते बघणारा सर्व्हे) सारखा एक कागद काढला, अक्षरं, शब्द, छोटा परिच्छेद, गोष्ट. दुसरी ते चौथीची जुनी ११ लेकरं एकेक करून बसवली.

गोष्ट वाचणारी ३. परिच्छेदापर्यंत २. नुसते शब्द ४. अक्षरांवर अडकलेली २, त्यातलं एक चौथीत.

चौथीतला तो मुलगा दरवर्षी दिवाळीनंतर आई-बापासोबत ऊसतोडीला साखर कारखान्याला जातो, एप्रिलमध्ये परत येतो, आणि शाळा त्याला पुढच्या वर्गात ढकलते. हजेरीपटावर तो आहे, फळ्यासमोर कधीच नव्हता.

मॅडमनी उपाय काढला तो साधा. दुपारच्या खिचडीनंतर एक तास इयत्ता विसरायची. अक्षरवाली एकीकडं, शब्दवाली एकीकडं, गोष्टवाली दारात बसून स्वतः वाचतात आणि लहानांना वाचून दाखवतात. चौथीतला मुलगा पहिलीच्या लेकरांसोबत बसायला लाजला, दोन दिवस आलाच नाही. मग त्याला "अक्षरकार्डं वाटायचं" काम दिलं. वाटता वाटता तोच शिकतोय.

५ ऑगस्ट

गाडीतली दोन भावंडं आली, दुसरीतली मुलगी, तिसरीतला मुलगा. पट २१! सरांनी फळ्यावरच्या २१ भोवती गोल केला. मी म्हटलं थांबा. नाही थांबले.

दोघांचा दाखला मिळेना. जुन्या शाळेत ४,५०० फी थकलेली. दाखला नाही म्हणून प्रवेश अडवता येत नाही, कायद्यात स्पष्ट आहे, वयाच्या पुराव्यावर नाव घातलं. पण सरकारच्या ऑनलाईन नोंदीत लेकरू तिकडंच दिसतं, इकडून रिक्वेस्ट पाठवली की तिकडून सोडावं लागतं. ते सोडेनात. लेकरू बाकावर आमच्या, कॉम्प्युटरमध्ये त्यांचं.

१५ ऑगस्ट

माझी सगळ्यात मोठी चूक. कल्पना माझी, हट्ट माझा. झेंडावंदनानंतर चावडी वाचन, लेकरांनी सगळ्या गावासमोर वाचायचं, म्हणजे गावाला दिसेल शाळेत काय चाललंय. मॅडम म्हणाल्या अजून महिना जाऊ द्या. मी ऐकलं नाही.

पहिल्या तिघींनी छान वाचलं, टाळ्या. मग तो नवीन आलेला तिसरीचा मुलगा उभा राहिला. दहा दिवसच झालेले त्याला. पहिला शब्द होता "एकदा". त्यानं "ए" म्हटलं आणि थांबला. माईक त्याच्या हातात, त्याचा श्वास सगळ्या पाराला ऐकू येतोय. कोणीतरी मागून म्हणालं, "इंग्लिश शाळंतलं हाय, मराठी कसं येईल!" हशा झाला. त्याचा बाप समोरच बसलेला, उठून निघून गेला.

१८ ऑगस्ट

तो मुलगा परत गाडीत. बहीण आमच्याकडंच ठेवली. बापानं उधारीचे २,००० भरले म्हणे पोरासाठी. म्हणजे अपमान झाला तर पोराला परत इंग्लिश, पोरगी तशीच राहिली तरी चालते. १९९२ पासून गरीब मागासवर्गीय पोरींना शाळेत यायचा भत्ता दिवसाला एक रुपया आहे, अजूनही एकच, त्यावरून काय ते समजा.

पट २०. फळ्यावरचा गोल मी पुसला.

मी त्यांच्या घरी जाऊन माफी मागितली. चहा दिला, विषय काढू दिला नाही.

२३ ऑगस्ट

कालचा पोळा झाला. आता वाचन जाहीर नाही. शनिवारी दप्तर नसतं तेव्हा लेकरू एक कागद घरी नेतं आणि फक्त आईला वाचून दाखवतं, आईनं खाली सही किंवा अंगठा. दोन आया म्हणाल्या आम्हालाच येत नाही. लेकराला येतंय ना, मग तुम्ही बोट ठेवून बघा नुसतं. हे चाललं. एका बाईनं अंगठ्याशेजारी स्वतःचं नाव लिहून पाठवलं, तिच्या पोरीनं शिकवलेलं.

२५ ऑगस्ट

चाकणहून एक कुटुंब परत आलं, कंपनीतलं काम सुटलं. दोन लेकरं, पहिली आणि चौथी. पट २२. यात आमचं कर्तृत्व शून्य, त्यांचं नुकसान आमच्या कामी आलं एवढंच.

४ सप्टेंबर

पट म्हणजे पट नाही हे आज कळलं. संचमान्यतेला आधार व्हॅलिड झालेलं लेकरूच धरतात. २२ पैकी ६ इनव्हॅलिड. कारणं लिहून ठेवतो, तुमच्याकडं हीच निघतील: दोघांच्या नावात शाळेच्या रजिस्टरला आणि आधारला फरक (एकीकडं "वैष्णवी" दुसरीकडं "वैशनवी" असले प्रकार). एकाची जन्मतारीख वेगळी. दोघांचं निळं बाल आधार, पाच वर्षांनंतर बोटांचे ठसे दिलेच नाहीत. आणि एकीला आधारच नाही.

हे काम जूनमध्ये करायला पाहिजे होतं. आम्ही जूनमध्ये फुगे फुगवत होतो.

११ सप्टेंबर

रिक्षा करून पाच लेकरं आणि त्यांचे पालक तालुक्याला, ६०० रुपये. सर्व्हर बंद. परत. प्रत्येक पालकाची एक मजुरी बुडाली, दुसऱ्यांदा कोण येणार.

१३ सप्टेंबर

दुसऱ्यांदा गेलो, ६०० आणखी, यावेळी बुडालेली मजुरी अर्धी मी दिली. चार झाली. पाचव्याचे ठसे उठेनात, बोटं चिकानं काळी झालेली, धुऊन धुऊन दमलो. परत बोलावलंय.

दाखल्याचं भांडणही मिटलं. महिन्याच्या वर रिक्वेस्ट पडून होती, केंद्रप्रमुखांनी फोन केला, पालकांनी उरलेल्यातले थोडे भरले, मुलगी ऑनलाईनला आमच्याकडं आली.

१९ सप्टेंबर

सहावी मुलगी, जिला आधारच नाही. जन्म कारखान्यावरच्या कोपीत (उसाच्या पाचटाच्या झोपडीत), ऊसतोडीला गेले असताना. ना दवाखाना, ना नोंद. जन्मदाखला नाही म्हणून आधार नाही, आधार नाही म्हणून सरकारच्या हिशेबात ती शाळेतच नाही. ती रोज सगळ्यात आधी फाटकापाशी असते. उशिराची जन्मनोंद करायचे नियम यंदा फार कडक झालेत, तहसीलला तीन हेलपाटे झाले, कागदावर कागद. महिनाभरात होणार नाही हे स्पष्ट सांगितलं. निदान स्पष्ट सांगितलं.

२४ सप्टेंबर

मराठवाड्यात जो पाऊस झाला तो सगळ्यांना माहितीये. आमचं सोयाबीन पाण्यात, शेंगांना कोंब. नुकसानीचं इथं लिहीत नाही, ती वही वेगळी आहे.

शाळेचं लिहितो. ओढ्याच्या पुलावरून पाणी, गाडी आलीच नाही. शाळेच्या एका खोलीचं छत गळतंय, तीच खोली जिच्या भिंतीवर आम्ही १८,५०० घातले. सगळी लेकरं एका खोलीत. सर पुलापलीकडं अडकलेले, मॅडम गावातच खोली करून राहतात म्हणून शाळा उघडली. आणि गाडीतली लेकरं घरात कंटाळून एकेक करत येऊन बसली. ९ मोजली. खिचडी सगळ्यांना पुरवली, मावशींनी तांदूळ माप सोडून टाकला, कसा ते मी विचारलं नाही.

समूह शाळा झाली असती तर या आठवड्यात आमचं एकही लेकरू शाळेत नसतं. केंद्रप्रमुखांना द्यायला फोटो काढून ठेवला, पुलाचा आणि वर्गाचा.

२६ सप्टेंबर

मॅडमनी त्या ९ पैकी दुसरी-तिसरी-चौथीच्या ६ लेकरांना सहज तोच वाचनाचा कागद दिला. मराठी गोष्ट दोघांनी वाचली. इंग्रजी धडा सगळी घडाघडा म्हणतात, अर्थ विचारला की छताकडं बघतात. पण खोटं लिहायचं नाही, त्यांचं अक्षर आमच्या लेकरांपेक्षा चांगलं आहे आणि वहीला कव्हर आहे. हे आम्ही कोणाला सांगितलं नाही, फक्त ज्या आया घ्यायला आल्या त्यांना एकेकीला कागद दाखवला. पंधरा ऑगस्टची फी भरलीये मी.

त्या ९ मध्ये तो "एकदा"वाला मुलगा पण होता. दारातल्या गटात बहिणीशेजारी बसला. कोणी त्याला वाचायला सांगितलं नाही.

२९ सप्टेंबर

पाणी उतरलं, पाचव्याला मोटारसायकलवर बसवून गेलो. बोटांना आदल्या रात्री खोबरेल लावून ठेवलं होतं (आधार सेंटरवाल्याची युक्ती). ठसे उठले. पण व्हॅलिड दिसायला वेळ लागतो म्हणे.

३० सप्टेंबर

हजेरीपटावर २२. आधार व्हॅलिड रात्री नऊपर्यंत २०. साडेनऊला मॅडमचा मेसेज, २१. सरांनी फोन करून विचारलं गोल करू का. उद्या करा म्हटलं.

वाचन परत तपासलं, तीच जुनी ११: गोष्ट ६, परिच्छेद ३, शब्द २. चौथीतला मुलगा शब्दांवर आलाय.

७ ऑक्टोबर

खर्चाचा हिशेब समितीपुढं ठेवला. रंग १८,५००, बॅनर ९००, वीजबिल ६,३४०, ओसरीवरच्या मुलीचे जुलै ते सप्टेंबर ६,०००, रिक्षा आणि मजुरी २,७००, गळक्या खोलीवर ताडपत्री १,१५०. एकूण ३५,५९०. यातल्या ६,००० आणि २,७०० नी पट वाढला, बाकीच्यानं नाही. एकानं विचारलं, मग रंग कशाला दिला? सगळे माझ्याकडं बघायला लागले.

३ नोव्हेंबर

साखर कारखाने १ तारखेपासून सुरू. उचल (तोडीचे आगाऊ पैसे) घेतलेली घरं निघाली. शाळेतल्या ७ लेकरांचे आई-बाप कोयत्यावर म्हणजे ऊसतोडीला जाणार. हंगामी वसतिगृहाचा प्रस्ताव दिलाय, लेकरू गावातच आजी-आजोबांकडं राहतं आणि दोन वेळचं जेवण मिळतं, पण मंजुरी यायच्या आत ट्रक दारात उभा असतो. पाच घरांत आजी आहे, तिथं लेकरं ठेवून घेतली, जेवणाचं आम्ही तोपर्यंत वर्गणीतून बघतो. चौथीतला मुलगा राहिला. बापाशी तीन संध्याकाळी बोलावं लागलं, शेवटी तो म्हणाला ठेवतो, पण जनावरांचं शेण-पाणी त्याच्याच मागं आहे.

दोघं जातायत. त्यातली एक ती कोपीत जन्मलेली मुलगी, तिच्या घरी मागं कोणी म्हातारं नाही. मॅडमनी शिक्षण हमी पत्रक भरून दिलं, तिथल्या शाळेत दाखवायचं. आईनं ते पिशवीत तव्याखाली ठेवलं, भिजू नये म्हणून.

१० नोव्हेंबर

गाडीतल्या दोन आयांनी दिवाळीनंतर पाठवतो म्हटलं होतं, एकीनं पाठवलं. आज सकाळी साडेआठला ओसरीवर १४. लाईट नव्हती, गिरणी बंद, म्हणून मीच बसलो होतो त्यांच्याजवळ. त्या मुलीचे ऑक्टोबरचे २,००० द्यायचे राहिलेत, डब्यात १,१८० आहेत. उद्या दळण जास्त आहे.